गाडीला अर्थच राहिला नाही

प्रिय छोटे सरकार,

पाकीट बघून दचकू नकोस, घरात सगळे जिवंत आहेत. फोनवर मी बोलायला लागले की तू मला स्पीकरवर टाकतोस आणि दुसरीकडे टकटक टाइप करत बसतोस, ते मला इथपर्यंत ऐकू येतं. मधूनमधून "हं, बरोबर आहे तुझं, ताई" एवढंच माझ्या वाट्याला येतं. कागदाला हुंकार देऊन भागत नाही, म्हणून हा खटाटोप. पुढच्या महिन्यात येतोयस हे कळलं. उतरणार हॉटेलात, कारण आमच्या घरात एसी नाही आणि मुलांना उकाडा सोसत नाही, हेही कळलं. एसीवरून आठवलं म्हणून लिहितेय असं म्हणणार होते, पण खोटं कशाला बोलू? तेच लिहायला बसलेय.

बाबांची गाडी म्हातारी होती, हे मला मान्य आहे. मागची काच चढवायला एकानं बटण दाबायचं आणि दुसऱ्यानं काच तळव्यानं वर ढकलायची, अशी तऱ्हा होती. पण बाबांची उजवी बाजू गेल्यापासून व्यायामाच्या दवाखान्यात जायला तीच एक हक्काची होती. त्यांना भर दुपारची वेळ मिळालेली. उन्हात त्यांचा जीव घाबराघुबरा होतो, म्हणून एसी लागायचा. तिथल्या व्यायामवाल्या बाईंनी मला आणखी एक युक्ती सांगितली होती. एसीचं गोल बटण त्यांना स्वतःला फिरवू दे, उजव्याच हातानं, कितीही वेळ लागो. सुरुवातीला नुसती बोटं त्यावर ठेवायचे आणि माझ्याकडे बघायचे. मग एक दिवस बटण टक्कन फिरलं, तोंडावर गार झोत आला आणि बाबा असे हसले की मी गाडी पुढे काढायची विसरले. आरशासमोर चेंडू दाबण्यात त्यांना काडीचा रस नव्हता. बटण फिरवलं की हवा येते, हे मात्र त्यांना पटलं होतं.

उन्हाळा लागला आणि गाडीचे नखरे सुरू झाले. पळताना गार, सिग्नलला उभी राहिली की भट्टी. पुढे तर पंखाच मधे मधे दम टाकायला लागला. बाबा बटण फिरवायचे, हवा यायची नाही, आणि ते बटणाकडे नाही तर स्वतःच्या बोटांकडे बघायचे. मी सांगायची, बाबा, गाडी बिघडलीय, तुमचा हात ठीक आहे. ते मान डोलवायचे आणि पुन्हा बोटांकडेच बघायचे. गाडी दुरुस्त करायची मला एवढी घाई का होती, ते तुला तेव्हाही सांगितलं होतं. तू "हं" म्हणाला होतास.

तुझी निदानं मात्र धडाधड येत होती. गॅस संपला असेल म्हणालास, गॅस भरला. कॉम्प्रेसर गेला म्हणालास, तो तपासला, धडधाकट निघाला. मग बॅटरी. नवी बॅटरी बसवली, चार दिवस बरे गेले आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. उंटावरून शेळ्या हाकणारे बघितले होते, तू विमानातून हाकत होतास. मीच एकदा हॉर्न दाबला तेव्हा लक्षात आलं की हॉर्न वाजला की पंखा मान टाकतो. इंडिकेटर लावला की समोरचे दिवेही त्याच्याबरोबर मिचमिचतात. तुला सांगितलं, तर म्हणालास, ताई, हॉर्नचा आणि एसीचा काय संबंध, तू नको डोकं चालवू.

शेवटी कोपऱ्यावरच्या वायरिंगवाल्याला गाठलं. त्याला सगळे टेस्टरच म्हणतात, कारण टेस्टर कायम कानामागे आणि तोंडाला कुलूप नाही. त्यानंही आधी छातीठोकपणे एक रिले, म्हणजे पंख्याचा आतला छोटा स्विच, बदलला, वर गाडी नवी झाली म्हणून मिरवला, आणि दुसऱ्या दिवशी तोंडावर आपटला. मग मी हॉर्नचं सांगितलं तसा तो बोलायचा थांबला. त्यानं एक जाड वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं गाडीच्या पत्र्यावर दाबलं आणि बाबांना म्हणाला, फिरवा बटण. बाबांनी फिरवलं. पंखा असा घोंगावला की त्यांच्या मांडीवरचा रुमाल उडून माझ्या अंगावर आला. पत्र्यातून बॅटरीकडे करंट परत नेणारी पट्टी असते, ती गंजून तिचा भुगा झाला होता. अर्थिंगच्या त्या जोडणीला हे लोक नुसतं अर्थ म्हणतात. बाकी सगळं ठणठणीत होतं.

नेमका तेव्हाच तुझा फोन आला. टेस्टरनं माझ्या हातातून तो घेतला आणि शोध लागल्याच्या आनंदात ओरडला, "साहेब, ह्या गाडीला अर्थच राहिला नाही!" तू "थँक यू, मला तेच वाटत होतं" म्हणालास आणि ठेवून दिलास. मला वाटलं, समजलास. शाळेत मराठीत पहिला यायचास ना तू? पण एवढ्या शब्दांतून तुला हवा होता तोच अर्थ लागला.

दुसऱ्या दिवशी मी कामावर असताना जुन्या गाड्या भंगारात घेणारा तुझा एजंट आला. गाडी बाबांनी कौतुकानं तुझ्या नावावर केलेली, दुसरी किल्ली तुझ्या मित्राकडे. शेजारच्या काकू खाली धावल्या, तर म्हणाला, मालकाचा हुकूम आहे. बाबा गॅलरीत बसले होते. त्यांच्यासमोर गाडी साखळीला बांधून नेली. संध्याकाळी टेस्टर नवी पट्टी बोटाभोवती फिरवत, शीळ घालत आला आणि रिकाम्या जागेकडे बघत उभा राहिला. तुला फोन करून खरं काय ते सांगितलं, तेव्हा तू म्हणालास, "अरेच्चा, असं होय! पण तशीही जुनीच होती ना." मी फोन आपटला, तो राग अजून गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही.

त्यानंतर भाड्याच्या गाड्या करून बघितल्या. बाबांना आत बसवायला वेळ लागतो, ड्रायव्हर घड्याळ बघतात, एकानं तर दार लावता लावता पायच चेमटवला होता. आता बाबा दवाखान्याचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करतात. तू व्हिडिओवर विचारतोस की बाबा बोलत का नाहीत. बोलतात ते. परवा डाव्या हातानं उजव्या हातावर चापट्या मारत ते मला म्हणाले, "ह्यानं... मोडली." मला कळेना. मग खिडकीतून खालच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं.

तर पत्राचं कारण हे आहे. त्यांना वाटतंय, बटण फिरवून फिरवून गाडी त्यांनीच मोडली आणि म्हणून ती नेली. मी सांगून थकले. टेस्टर बिचारा दोनदा येऊन पट्टी दाखवून गेला. आम्ही त्यांची समजूत काढतोय असंच त्यांना वाटतं. घरात गाडीतलं कळतं ते फक्त तुला, हे त्यांचं मत तू शाळेत होतास तेव्हापासूनचं आहे, आणि ते अजूनही बदललेलं नाही, याचा मला किती संताप येतो ते इथे लिहीत नाही. सामान हॉटेलात टाकायच्या आधी इकडे ये. त्यांच्यासमोर बस आणि स्पष्ट सांग की गाडी चांगली होती, हात चांगला होता, माझ्या ऐकण्यात चूक झाली आणि मी विचारलं नाही. फोनवर नको. त्यांना पटेपर्यंत सांग. हल्ली तो हात ते चादरीखालून बाहेर काढत नाहीत. जेवतानासुद्धा नाही.

नाइलाजानं का होईना, तुझीच
ताई