उघाडीवरची हाक

प्रिय बाबा,

आज दुपारी मीटिंगमध्ये एका परक्या देशातल्या बाईने तुझाच प्रश्न विचारला, म्हणून लिहितेय. तुला जाऊन चार महिने झाले आणि मी तुझ्याशी मनातल्या मनातही बोलायचं टाळतेय. कळलंच असेल तुला.

तिचा देश नदीच्या खालच्या अंगाला, धरण होणार वरच्या देशात. पाणी दोघांचं. कधी अडवायचं, कधी सोडायचं, ते आम्ही बेलापूरला बसून कॉम्प्युटरवर आधी करून बघतो. तिने विचारलं, "दरवाजे उघडण्याआधी आमच्या लोकांना किती वेळ मिळेल?" मी म्हटलं, "ते आमच्या कामात येत नाही." किती शांतपणे म्हटलं मी!

तू हेच विचारलं होतंस ना? माझ्या खुर्चीमागे उभा राहून, हातात चहा. "पानी सोरलं, ठीक हाय. खालच्यांना हाक कोन मारतं, बाय?" आणि मी हसले. "बाबा, हे दोन देशांचं धरण आहे, आपल्या करावे गावची उघाडी नाय!" तू कप घेऊन बाहेर गेलास.

आपली उघाडी! खाडीच्या बांधातला तो लाकडी दरवाजा. ओहोटीला शेतातलं पाणी सोडायचं काम गावाने तुझ्यावर सोपवलेलं. तू आधी तीनदा हाक मारायचास. खाली चिखलात निवट्या मासे धरणाऱ्या बायांची "ओ" आल्याशिवाय फळीला हात लावायचा नाहीस. एकदा भात बुडायला आलं, शेतवाले तुझ्या अंगावर धावून आले, तरी तू थांबलेला. मला तुझी लाज वाटली होती तेव्हा.

आता जे आईलाही धड सांगितलेलं नाही, ते सांगते. तू गेलास त्या दिवशी मी घरूनच काम करत होते. कानात हेडफोन, समोर स्क्रीनवर हेच धरण. आई मासळी आणायला गेलेली. नंतर शेजारची काकी म्हणाली, "तुज्या बापानं तीन येला हाक मारली गो. मना वाटला, तू हायेस घरान."

होतेच ना मी! मधे एक भिंत फक्त. जेवायला उठले तेव्हा तुझा हात गार पडला होता. डॉक्टर म्हणाले, लगेच आला असतात तरी फरक पडला नसता. माझ्या समाधानासाठी बोलले असतील.

भांडं तरी आपटायचंस रे बाबा! छे, तुझ्यावर कशाला ढकलू? तू हाक मारलीस आणि उत्तराची वाट बघत बसलास. तुझी सवयच ती.

मीटिंगनंतर त्या बाईला फोन करून माफी मागितली. मग धरणाच्या रिपोर्टात नियम घातला: खालून निरोप पोचल्याचं उत्तर आल्याशिवाय दरवाजा उघडायचा नाही, आणि तेवढं थांबता यावं म्हणून धरण काठोकाठ भरायचं नाही. वीज कमी होते, साहेब वैतागलेत. वैतागू देत.

रिपोर्ट उद्या जाईल. तो नियम त्यातून कुणी काढला, तर त्यावर माझी सही नसेल. शब्द देते तुला.

आणि बाबा, ओ.

उशीर झाला, पण ओ.

तुझी बाय,
वनिता