आईचा ट्राउट

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज लिहायला बसले तर डोळ्यांसमोर येते ती इथल्या, आखातातल्या बुदैयाच्या बंगल्यामागची हिरवळ. सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं असतील. तू मॅडमकडे स्वयंपाकाला होतीस आणि तिथेच राहायचीस; मी मनामात एका कचेरीत टायपिस्ट, माहूजला दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहायचे आणि शुक्रवारी तुझ्याकडे यायचे. त्या शुक्रवारी मागच्या दाराने आत आले तर तू पदर खोचून, हातात लांबलचक लवलवती काठी घेऊन कोरड्या गवतावर उभी. दोरीला गळाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधलेला. मॅडम व्हरांड्यातून अरबी, मराठी, इंग्रजीची खिचडी करून ओरडतायत, "यल्ला, बाय, स्लोली, स्लोली!" तू काठी मागे नेतेस, जराशी थांबतेस, पुढे सोडतेस. दोरी हवेत लांबच लांब उलगडते आणि लोकर गवतावर मांडलेल्या ताटलीत अलगद उतरते. मी आधी भिंतीपलीकडे पाहिलं, शेजारचा ड्रायव्हर बघत नाही ना म्हणून.

मॅडमच्या देशात, स्कॉटलंडला, डोंगरातल्या नदीत ट्राउट नावाचा मासा असतो, हे तूच मला सांगितलंस. त्याला गांडूळ लावायचं नाही. गळाला पिसं बांधून खोटी माशी करायची आणि ती पाण्यावर अशी टेकवायची, की खरीच बसली असं त्याला वाटावं. साहेबांना त्यात रस नव्हता, मॅडमना सोबत हवी होती. "कठीण काय नाय गो," तू म्हणालीस, "सुपाने पाखडताना हात कुठे थांबवायचा ते कळतं ना, तसंच." मी म्हटलं, "उद्या झाडूसुद्धा असाच फिरवायला लावतील." तू खळखळून हसलीस. मी टोचायला बोलले होते आणि तुला टोचलंच नाही, इतकी तू खुशीत होतीस.

उन्हाळ्यात ते सुट्टीवर निघाले तेव्हा तुलाही घेऊन गेले, अर्थात स्वयंपाकाला. परत आलीस त्या दिवशीचं तुझं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. ओट्यावर भला मोठा हामूर, तू त्याची खवलं काढते आहेस आणि तोंड क्षणभर थांबत नाही. साहेबांची जुनी पँट, वर कमरेपर्यंत येणारे रबरी बूट, आणि बुटांतूनसुद्धा हाडांपर्यंत चढणारी त्या पाण्याची थंडी. "मॅडम म्हणाल्या, खलास, आता घरी जाऊ. मी म्हटलं, थांबा. दगडामागे पाणी निवांत होतं. तिथे माशी टेकवली मात्र, दोरी अशी खेचली गेली!"

"मग? तळलास?"

"सोडला."

"सोडलास?"

"हात भिजवून धरला तरी त्याला माझ्या हाताचा चटका बसत असणार, असं वाटलं गो. सोडला."

"आपल्या अख्ख्या घराण्यात मासा धरून सोडणारी तू पहिलीच," मी म्हटलं. तू सुरी खाली ठेवलीस. "आजवर धरला, कापला, रांधला तो सगळा दुसऱ्यांसाठी. तो एक माझा होता." तुझा तसा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

मग लग्नासाठी मला बघायला पाहुणे आले. माझ्याच खोलीवर, हे, ह्यांचे भाऊ आणि वहिनी. वहिनींनी सहज विचारलं, "विलायतेला जाऊन आलात म्हणे?" झालं, तुझी कळी खुलली. चहाचा ट्रे खाली ठेवून तू थेट नदीतच शिरलीस. वहिनींच्या भुवया वर. "तुम्ही मासे पकडलेत? पँट घालून?" भाऊ आपल्या बुटांकडे बघायला लागले. स्थळ चांगलं होतं, मला हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. मी म्हटलं, "छे हो, मासे मॅडमनी पकडले. आई डबा घेऊन काठावर उभी होती. तिला रंगवून सांगायची सवय आहे."

तू माझ्याकडे पाहिलंस. अगदी थोडा वेळ. मग म्हणालीस, "हो ना, मी आपली डबा धरून. तोसुद्धा धड धरता येईना. शेवाळावर पाय सटकला नि आपटले पाण्यात, मॅडमनी मला माशासारखं ओढून काढलं!" सगळे पोट धरून हसले. तू आपटली नव्हतीस. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून तू स्वतःचंच हसं करून घेतलंस. लग्न तिथेच जमलं.

ते गेल्यावर तू कप विसळत होतीस. मी बोलणी खायची तयारी ठेवली होती. तू विचारलंस, "मी जास्त बोलले काय गो?" आई, मला याची इतकी लाज वाटते की हे वाक्य लिहिताना मी तीनदा उठले. पुढच्या उन्हाळ्यात मॅडमनी पुन्हा बोलावलं तेव्हा तू गुडघ्यांचं कारण दिलंस. तुझे गुडघे ठणठणीत होते. आणि मासे पकडणारी सासू ह्यांना आवडलीच असती, हे मला लग्नानंतर आठवड्याभरात कळलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मग मी कशी आहे तेही त्यांना कळलं असतं.

परवा मुलाच्या जुफैरच्या घरी सगळे जेवायला बसलो होतो. तू पाण्यात कशी आपटलीस ते ह्यांनी पुन्हा सांगितलं, नेहमीसारखं, प्रेमानेच. धाकट्या नातीने विचारलं, "बट डिड शी कॅच वन?" ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, "आजीला विचार." मी म्हटलं, "नाही गं. तिला कुठे जमणार?"

हे पत्र खरं तर त्या पोरीला वाचून दाखवायला हवं. ती इंग्रजीत बोलते, पण मराठी सगळं समजतं तिला. मी ते कपाटात ठेवणार आहे, साड्यांच्या खाली.