चौकशीच्या आदल्या दिवशी

दादा,

शेतातले पंप चोरीला जातात, भाजीपाला उभा वाळतो, असं तू सांगितलंस म्हणून मी विधानसभेत भांडले आणि गावाला रखवालदारांसाठी निधी मिळवला. सरपंच तू, आमदार मी. लोकांनी कौतुकच केलं.

परवा न कळवता गावात आले. शेजारच्या काकू सुकलेले टोमॅटो उपटत होत्या. "रखवालदार?" त्या म्हणाल्या. "ते तुझ्या दादाच्या शेताबाहेर पाऊल टाकत नाहीत, बाई."

तू घरी नव्हतास. हात धुवायला मागे गेले, तर शेडमध्ये गोणपाटाखाली काकूंचा पंप होता. त्यांच्या मुलीने रंगवलेलं पिवळं फूल त्यावर तसंच होतं. दारात वहिनी उभी होती. "दुरुस्तीला आणलाय," ती म्हणाली. मी काही विचारलंच नव्हतं.

उद्या मीच चौकशीची मागणी करणार आहे. हे पत्र टाकणार नाही. तू वाचलंस तर शेड रिकामी होईल. पोलीस येतील तेव्हा आई तिथे नको, म्हणून तिला आज चार दिवसांसाठी माझ्याकडे बोलावलं.

"अशी अचानक का गं?" तिने विचारलं. "सहजच," मी म्हणाले.

"थांब, दादालाच विचारते," म्हणून तिने फोन ठेवला.

तुझी,
धाकटी