सांडणीच्या हिशोबाने

धार,
चैत्र शुद्ध पंचमी

प्रिय माधव,

अक्काचे अनेक आशीर्वाद. पत्राच्या आरंभी 'इकडील सर्व कुशल' असं लिहावं, असं बाबांनी आपल्या दोघांना पाटीवर गिरवून शिकवलं होतं. ते वाक्य मी आज गाळलं आहे. तुझे दाजी अंथरुणाला खिळले आहेत. वैद्यबुवा म्हणतात, छातीत आतून काहीतरी दुखावलं आहे. पावसाळा लागेपर्यंत खाटेवरून उठायचं नाही, आणि उठले तर पुढचं ते काही सांगू शकत नाहीत. वैद्यबुवा हे सांगत होते तेव्हा तुझे दाजी काय म्हणाले असतील? साहेबांच्या अंघोळीचं पाणी तापलं का, ते बघ. साहेब इथून निघून इतके दिवस झाले, तरी या माणसाचं पाणी अजून तापतंच आहे. यंदा आमच्या दारची गुढी शेजारच्या लतिकाबाईंनी उभारली.

तू विचारशील, झालं काय. सांगते, आणि मनातली सगळी शिसारी ओकून सांगते, कारण इथे कोणापुढे बोलायची सोय नाही. आमच्या सरदारांकडे विलायतेहून एक साहेब पाहुणे आले. आफ्रिकेत सिंह मारून आलेले. तिथे म्हणे त्यांनी लागोपाठ तीन जंगलं पालथी घातली होती, म्हणून इथेही तीनच पाहिजेत: मांडवचं, मग घाटाखालचं नर्मदेच्या बाजूचं, मग बागलीकडचं, आणि तिथून आगगाडी पकडायला परत. नकाशावर त्यांनी बोट ठेवलं आणि सरकवलं. बोटाला ना घाट लागला, ना नाला, ना काळ्या मातीत चाक रुतलं.

बोट सरकवायला त्यांना आधार मात्र आपल्याच लोकांनी दिला. तुला ठाऊकच आहे, सरदारांच्या घरात गावं कोसांत सांगायची रीत नाही, सांडणीच्या चालीवर सांगतात. पत्र घेऊन सांडणीस्वार सकाळी निघाला की उन्हं चढायच्या आत मांडवला पोचतो, म्हणून मांडव 'एका सकाळचं'. आपण सगळे असंच बोलतो, आणि सांडणीवर कोणी तंबू लादत नाही हे सांगायची वेळ कधी आली नाही. शिकारखान्याचे मुख्य ते मानसिंगराव, मिशांना तूप चोपडणारे, त्यांनी साहेबांना हेच हिशोब तोंडपाठ म्हणून दाखवले. साहेबांनी विचार केला की आपल्याजवळ मोटार आहे, आणि मोटार काही उंटाहून हळू नाही. त्यांनी प्रत्येक हिशोबाचं निम्मं केलं. मानसिंगराव म्हणाले, वा! सदरेवरचे सगळे म्हणाले, वा! एकजण तर म्हणाला की निम्म्यातही पाहुण्यांना वाटेत चहा घ्यायला सवड राहील.

आणि त्या सदरेत तुझे दाजी बसले होते, माधव. वीस वर्षं फरासखाना सांभाळलेला माणूस. तंबू, राहुट्या, खाटा, हंडे, गालिचे बैलगाड्यांवर लादून एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी न्यायला किती वेळ लागतो, हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगतील. पाहुणे पोचण्याआधी पुढचा तळ उभा पाहिजे, ही तर रीतच. त्यांना माहीत होतं, मानसिंगरावांनाही माहीत होतं, झाडूवाल्यालाही माहीत होतं. पण सरदारांनी तबकात विडा ठेवला, सदरेवर नजर फिरवली, आणि तुझ्या दाजींनी तो उचलला. घरी आले तेव्हा ओठ लाल होते. मी विचारलं, हे जमणार कसं? तर म्हणाले, विडा उचलल्यावर हा प्रश्न विचारायचा नसतो. मग उचलण्याआधी का नाही विचारलात, असं मी म्हणाले, तर पाठ फिरवून झोपले. मला त्या लाल ओठांचासुद्धा राग आला.

पुढचं सगळं गाडीवान येऊन सांगून गेले. पहिल्या मुक्कामाला गाड्या धावतपळत पोचल्या आणि तंबू उभा राहतो न राहतो तोच साहेब आले. मांडवचं जंगल त्यांनी पाहिलं किती? चहाचा पेला रिकामा होईपर्यंत. लगेच खिशातलं घड्याळ काढलं आणि चला, कारण वेळापत्रकाप्रमाणे दुसरं जंगल वाट बघत होतं. घाट उतरताना मोटार थांबली. तिला आमचे बैल जुंपले. हसू नकोस. ज्या बैलांनी पुढे जाऊन तंबू उभारायचे, त्यांनीच मागे राहून मोटार ओढली, आणि साहेब आत बसून घड्याळ बघत होते. दुसऱ्या जंगलात नीलगाय आणि चितळं पडली, तिसऱ्या जंगलात वाघ दिसलाच नाही. तो तरी कसा दिसणार, त्याला कोणी वेळापत्रक दिलं नव्हतं. मग मानसिंगरावांनी बकरं बांधून खाऊ घालून सुस्तावलेला एक बिबट्या पुढे केला. साहेबांनी तो मारला, वर पाय ठेवून तसबीर काढवली आणि माशा घोंगावायच्या आत तिथून निघाले. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता.

परतीच्या वाटेवर भर दुपारी एका नाल्याच्या वाळूत मोटार अडकली. गाडीवानानं आधीच सांगितलं होतं, यो रस्तो नी है भिया, यो तो नालो है. तुझे दाजी म्हणाले, मालूम है, हांको. बैल गुडघे टेकून बसले. तेव्हा यांनी पगडी काढून गाडीवर ठेवली आणि स्वतः चाकाला खांदा लावला. मोटार निघाली. साहेबांनी टोपी किंचित उचलली म्हणे. हे वाळूतच बसून राहिले, आणि थुंकले ते रक्त.

आता ऐक, मला सर्वांत किळस कशाची आली ते. यांना घरी आणायला रिकामी गाडी नव्हती. एक चांगली गाडी होती, पण तीत साहेबांचा अंघोळीचा पत्र्याचा टब होता, आणि तो पुढच्या मुक्कामी आधी पोचायला हवं होतं. म्हणून यांना कातड्यांच्या गाडीत घातलं. बिबट्याचं, नीलगाईचं, चितळांचं ओलं कातडं, मीठ चोळलेलं, वर तंबूचं कापड आणि त्यावर माझा नवरा. दाराशी गाडी थांबली तेव्हा वासानं आधी कळलं, माणूस मागून दिसला. मी त्यांना पाण्यात कडुनिंब उकळून पुसलं, शिकेकाईनं पुसलं, अंगाला चंदन लावलं. तो वास अजून उशीतून येतो, नाहीतर माझ्याच नाकात बसला आहे. मानसिंगरावांना साहेबांनी चांदीची सिगारेटची डबी दिली. यांना पाठवले आपले जुने बूट, एकेकात यांचे दोन्ही पाय मावतील एवढे. मी ते अंगणात टाकले. कुत्र्यानंही हुंगून सोडून दिले.

मला तुझं लहानपण फार आठवतं हल्ली. आठवतं का, देवासला टेकडीवर देवीला गेलो होतो तेव्हा तू सगळ्या आळीला जेवायला बोलावून आलास? आमची अक्का पुरणपोळ्या करील, असं दारोदार सांगत फिरलास. मी तेव्हा बारा वर्षांची. माणसं जमायला लागली तेव्हा मला कळलं. आईनं तुला धपाटे घातले आणि मी पुरण वाटत बसले, हातांना फोड आले. तू मात्र पंगतीत सगळ्यांना सांगत होतास, बघा, मी म्हटलं होतं ना? तुझ्या छातीत तेव्हा केवढा अभिमान होता. मला राग आला नव्हता, खरं सांगते. अक्काला काहीही जमतं असं तुला वाटायचं, ते मला आवडायचंच.

काल दुपारी तुमच्या सरदारांचा सांडणीस्वार फत्तेसिंग आला. दारातूनच ओरडला, ताईसाहेब, मिठाई खिलवा! माधवरावांनी भरल्या सदरेत विडा उचलला, दाजींच्या नावानं! तोच साहेब आता तुमच्याकडे येणार, बागलीपासून टोंकखुर्दपर्यंत त्याच वेळापत्रकानं फिरणार, आणि धारच्या माझ्या दाजींनी करून दाखवलं, इथेही तेच करतील, असं तू सर्वांसमोर म्हणालास म्हणे. सदरेवर वाहवा झाली. फत्तेसिंगला काय ठाऊक! तुलाही ठाऊक नव्हतं, हे मी धरून चालते. पण खाटेवर पडल्यापडल्या यांनी ते ऐकलं आणि उठून बसले, माधव. जो माणूस कुशीवर वळताना कण्हतो, तो उठून बसला आणि म्हणाला, माझी पगडी दे, मेहुण्यानं शब्द दिलाय. मी पगडी ज्वारीच्या कणगीत खोल पुरून ठेवली आहे. सकाळपासून ते भिंत धरून शोधताहेत आणि दर दोन पावलांनी खोकताहेत. माझं ऐकत नाहीत. उचललेला विडा उचलणाऱ्यानंच परत ठेवायचा असतो. ही रीत ते मोडणार नाहीत, आणि विडा तू उचलला आहेस. तेव्हा आता सदरेत जा आणि तो तबकात ठेव. लोक हसतील, मानसिंगरावांसारखा एखादा तुमच्याकडेही असेल, तो जास्त हसेल. हसू दे. त्या वेळी पुरण होतं, म्हणून मी वाटलं. मीच येऊन तुझा कान धरून तो विडा ठेवायला लावला असता, पण मी यायची बैलगाडीनं, आणि तोवर यांना पगडी सापडेल. म्हणून हे पत्र फत्तेसिंगच्या हाती देते आहे. त्याची सांडणी दारात उभी आहे, आणि या सगळ्या वेळापत्रकात सांगितल्या वेळी पोचेल अशी तेवढी एकच आहे.

तुझीच,
अक्का