खुणेचा दगड

३ फेब्रु., मंगळवार
निम्म्यावर आलं! औषध दिलेल्या पेशींत, फुप्फुसं घट्ट करणाऱ्या कोलाजेनचा जीन चक्क निम्म्याने कमी चालतोय. जखम भरली तरी ज्यांना थांबायचं कळत नाही, त्या हट्टी पेशींनी एकदाचं ऐकलं. तीनदा मोजलं. बाबांना सांगितल्याशिवाय राहवलं नाही.
"म्हणजे माझी घट्ट झालेली फुप्फुसं मोकळी होणार?"
म्हटलं, अजून फक्त प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशी आहेत हो. ते त्यांनी ऐकलं नाही. मीही दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

७ फेब्रु.
बागेतल्या मंडळींना बाबांनी जयभीमच्या आधी हीच बातमी दिली म्हणे. "आमच्या मुलीने औषध काढलं." येताना जिन्यात थांबले. निमित्त, पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची पाटी वाचण्याचं. वीस वर्षांत त्या पाटीवरचं एक अक्षर बदललेलं नाही.

१२ फेब्रु., गुरुवार
माती खाल्ली. प्रयोगशाळेच्या बैठकीत आमच्या प्रमुख मॅडमनी विचारलं, "तुलनेला कोणता जीन धरलास?" नेहमीचाच. तो कधी हलत नाही असं सगळेच धरून चालतात.
"या औषधाने हलत नाही, हे तपासलंस?"
नव्हतं तपासलं. आज तपासलं. तोच दुप्पट झालाय. कोलाजेन होतं तिथेच. भाजक वाढला म्हणून उत्तर घटलं, शाळेतलं गणित! मॅडम रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. आता बाबांना कुठल्या तोंडाने...

१५ फेब्रु., रविवार
सांगितलं. बाबांनी नोकरीभर शेतजमिनी मोजल्या. शांतपणे ऐकलं.
"म्हणजे ज्या खुणेच्या दगडावरून मोजलंस, तोच सरकला होता."
हो.
"एका दगडावर मोजणी करतात का कधी? तीन धरायचे. अशा मोजणीपायी सख्खे भाऊ कोर्टात गेलेत आमच्याकडे."
मॅडमही हेच म्हणाल्या होत्या, तीन जीन धर. मला रडू आवरेना. तर म्हणतात, "रडतेस काय? बागेत तोंड मला दाखवायचंय."

२३ फेब्रु., सोमवार
नव्या पेशी लावल्या. तीन जीन तुलनेला, औषधाचं प्रमाणही बदललंय. कोलाजेन उतरेल की नाही, खरंच माहीत नाही. बाबांनी विचारलं, निकाल कधी? म्हटलं, दीड महिना.
"थांबतो की. मला कुठे जायची घाई आहे?"
आज जिन्यात दोनदा थांबले. दुसऱ्यांदा थांबले तिथे वाचायला पाटीही नव्हती. मी शेजारी उभी राहिले.