तिसऱ्या वहीचा मागचा पुठ्ठा

मी, धंद्याने पुस्तकबांधणी करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डॉक्टरांनी काल तपासून डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. उलट हे लिहू नका म्हणून दोघांनी समजावून पाहिले. यापूर्वीचे मृत्युपत्र, ज्यात मी स्वतःला ‘मिशनचा निष्ठावान खजिनदार’ म्हटले होते, ते रद्द समजावे.

कलम पहिले. राहते घर, म्हणजे खाली दुकान आणि वर दोन खोल्या, माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावे. जिन्याची तिसरी पायरी हलते. ती दुरुस्त करतो असे मी तिच्या आईला चौदा वर्षे सांगत होतो. आई गेली, पायरी तशीच आहे.

कलम दुसरे. पुस्तके दाबायचा शिकंजा, सुऱ्या, सुया, हाडाची पट्टी आणि खळीचे भांडे हेही मुलीलाच द्यावे. तिचा हात माझ्यापेक्षा सरळ चालतो. लग्नाआधी तिने बांधलेल्या वह्या मी माझ्या म्हणून विकल्या आणि गिऱ्हाईकांनी केलेले कौतुक तिच्यादेखत गिळले. हे तिला तोंडावर सांगायला हवे होते. बापाला सांगवत नाही, म्हणून कागदावर सांगतो.

कलम तिसरे. हे लांब आहे. वकील म्हणाले, एवढे सगळे वेगळ्या कागदावर लिहा. पण पाने वेगळी केल्यानेच घोटाळा झाला, तेव्हा इथेच लिहितो.

आमचे मिशन लहान. पगारी माणूस एकही नाही. नदीच्या अलीकडे एक प्रार्थनागृह, आणि पलीकडच्या वस्त्यांत औषधपाणी करायला एक नर्सबाई मिशनच्या होडीने जायच्या. बाकी आम्ही आठ-दहा जण आपापला धंदा सांभाळून काम बघायचो. मी बावीस वर्षे खजिनदार होतो. एका पैशाला हात लावला नाही, आणि त्याचीच हवा माझ्या डोक्यात गेली.

आमच्या मंडळीत शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांची धाकटी बहीण नदीपलीकडे दिलेली. ती बाळंतपणात अडली त्या दिवशी होडीत इतके पाणी भरत होते की नर्सबाई अर्ध्या वाटेतून परतल्या. बहीणही गेली, मूलही गेले. पुढे चार वर्षे बाईंनी शिलाईतून पैसे बाजूला काढले, एक दिवस दुकानात येऊन माझ्या हातात ठेवले आणि म्हणाल्या, “हे नव्या होडीसाठी. दुसऱ्या कशासाठी नको.” मी मिशनच्या हिशोबाच्या तिसऱ्या वहीत तसेच लिहिले.

त्याच वर्षी प्रार्थनागृहाच्या छपराचे वासे खचले. आमच्या सचिवांना सगळे छत्रीवाले म्हणत, कारण बारा महिने त्यांच्या काखेत छत्री असे. ते म्हणाले, होडी पुढच्या वर्षी घेऊ, छप्पर थांबणार नाही. मला पटले. होडीचे पैसे छपराला गेले. बाईंना विचारायला हवे होते. विचारले असते तर कदाचित त्या हो म्हणाल्याही असत्या. पण नाही म्हणाल्या तर काय करायचे, हे मला माहीत नव्हते. म्हणून विचारलेच नाही.

देणगीदारांना दर वर्षी आभाराचे पत्र जायचे. नर्सबाईंना सवड नसे, म्हणून त्या सांगायच्या आणि मी त्यांच्या नावाने लिहायचो. त्या वर्षीचे बाईंचे पत्र मात्र मी नर्सबाईंना न सांगता लिहिले. नवी होडी पाण्यात उतरली, हलकी चालते, हिरव्या रंगाने रंगवली आहे, असे लिहिले. रंग कोणी विचारला नव्हता. खोटे लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही, याची मला अजून लाज वाटते.

पुढच्या वार्षिक सभेत बाई उभ्या राहिल्या. त्या एवढेच म्हणाल्या, “मला वही बघायची आहे.” आवाज चढवला नाही, आरोप केला नाही. पैसे देणाऱ्याला वही पाहण्याचा हक्क आहे असे आमच्या नियमावलीत छापलेले आहे, आणि ती नियमावली मीच बांधली होती. मी उत्तर दिले, “बाई, इथे देवाचा हिशोब चालतो, शिलाईचा नाही.” लोक हसले. बाई खाली बसल्या. त्यानंतर त्या प्रार्थनेला आल्या नाहीत, आणि का येत नाहीत हे विचारायला आमच्यातला एकही जण गेला नाही.

त्या आठवड्यात मी जे केले ते बाइंडरलाच जमले असते. तिसऱ्या वहीची शिलाई उसवली, त्या वर्षाची चार पाने काढली आणि त्याच कागदाची नवी पाने लिहून घातली. त्यांत ‘होडीसाठी’ या शब्दाच्या जागी ‘सर्वसाधारण देणगी’ आहे. वही पुन्हा शिवली. नंतर आलेल्या तिन्ही तपासनिसांनी बांधणीची तारीफ केली. जुनी पाने जाळायला चुलीपाशी नेली होती, पण धीर झाला नाही. ती मागच्या पुठ्ठ्याच्या दोन थरांमध्ये चिकटवलेली आहेत. मुलीने पुठ्ठा वाफेवर धरावा आणि हाडाच्या पट्टीने सावकाश उकलावा. खळ घरची आहे, सुटेल. शाई पक्की आहे, फुटणार नाही. पाने वार्षिक सभेत मोठ्याने वाचावीत.

होडी पुढच्या वर्षी झाली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. नर्सबाई आणखी सहा वर्षे पाणी उपसत जात राहिल्या. मग त्यांची पाठ गेली आणि काम बंद पडले. आता तिथे पूल आहे. आज दहा होड्या घेऊन दिल्या तरी कोणाच्या उपयोगाच्या नाहीत.

माझ्या बायकोला हे ठाऊक होते. उसवलेली वही तिने टेबलावर पाहिली होती. ती मला एका शब्दाने बोलली नाही, पण घराशेजारी दोन शिंपी असताना मरेपर्यंत कपडे शिवायला पार दुसऱ्या टोकाला त्याच बाईंकडे जात राहिली. तुम्ही दोघी काय बोलता, असे एकदा विचारले तर म्हणाली, “मापाचं बोलतो.”

कलम चौथे. बँकेतली शिल्लक. ती मी शिवणाऱ्या बाईंच्या नावे करणार होतो. गेल्या महिन्यात त्यांच्याकडे जाऊन सगळे सांगितले. त्या काजे करत होत्या. सुई थांबली नाही. पैशाचे बोललो तेव्हा त्यांनी विचारले, “साक्षीदाराला यातलं काही घेता येतं का?” वकिलांनी सांगितले होते तेच मी सांगितले, की नाही येत. “मग मला साक्षीदार करा,” त्या म्हणाल्या.

तेव्हा होडीची रक्कम, सव्वीस वर्षांचे व्याज धरून, नर्सबाईंना द्यावी. त्या भाच्याकडे मागच्या खोलीत राहतात. भाच्याच्या हातात देऊ नये. उरलेली शिल्लक मिशनला, पण अटीवर. वही साध्या दोऱ्याने शिवावी, तिला पुठ्ठा घालू नये, आणि ती दाराजवळच्या टेबलावर ठेवावी, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला चाळता येईल. एका कामासाठी दिलेले पैसे दुसरीकडे वळवायचे झाले तर देणाऱ्याला आधी विचारावे, आणि तो नाही म्हणाला तर मुकाट्याने परत करावेत. आभाराचे पत्र ज्याच्या नावाने जाते त्यानेच लिहावे, दोन ओळी का असेनात.

कलम पाचवे. छत्रीवाल्यांची एक छत्री माझ्याकडे एकोणीस वर्षे पडून आहे, ती परत करावी. प्रार्थनागृहात नव्या छपराखाली लावलेल्या पाटीवर त्यांचे नाव आहे, ते राहू द्यावे. फक्त त्याखाली ‘शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या पैशांतून, त्यांना न विचारता’ एवढे कोरावे. ते चिडतील. मीही त्यांच्यावर बरीच वर्षे चिडलेलो होतो, पण पत्र त्यांनी लिहिले नव्हते.

मला पुरताना कोणी ‘निष्ठावान’ हा शब्द वापरू नये.

वकील आत्ताच म्हणाले की साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, सही होताना पाहिले की पुरते. बाई म्हणाल्या, “वाचल्याशिवाय मी सही करत नाही.” मी म्हणालो, वाचू द्या. आधीची पाने घेऊन त्या खिडकीपाशी बसल्या आहेत, आणि एकेक ओळीवर बोट ठेवून वाचत आहेत. वर लिहिलेले सर्व खरे आहे. खाडाखोड कुठेही नाही.

ठिकाण: दुकानाच्या मागची खोली
तारीख: नऊ, शुक्रवार, सकाळी साडेदहा

लिहून ठेवणार: (सही) बाइंडर

साक्षीदार एक: (सही) डॉक्टर

साक्षीदार दोन: (सही) शिवणकाम करणारी. सगळे वाचून सही केली. कलम तिसऱ्यात एक चूक आहे. पत्रात होडी निळी लिहिली होती, हिरवी नाही. पत्र माझ्याजवळ आहे.

दुरुस्ती मान्य. (सही) बाइंडर