दुसऱ्या भागात एकच विद्या

इंद्रपुरी, भोपाळ
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

चि. शार्दूल यास आईचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. बाबांचं बीपी आटोक्यात आहे, फिजिओथेरपीवाला नेमाने येतो, उजवा हात अजून हलत नाही. थंडी सुरू झाली. फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. अरे, फोनवर तू "बोल आई" म्हणतोस आणि मला काही सुचत नाही. शिवाय बाबांची कॉट हॉलमध्येच, त्यांना सगळं ऐकू जातं.

तू वाढदिवसाला पाठवलेला खेळाचा दुसरा भाग खेळतेय. दुपारी त्यांचा डोळा लागला की कॉम्प्युटरपुढे बसते. खरं सांगू? नाही आवडला. चित्रं काय सुंदर आहेत, पानावरचं दवसुद्धा दिसतं. पण जीव रमत नाही.

पहिल्या भागात कसं होतं आठव. लॉकडाऊनमध्ये तू घरी होतास, तूच शिकवलंस. कुठलाही मंत्र कुठल्याही मंत्राला जोडा! मी बर्फाचा आणि वाऱ्याचा जोडून नदीवरून घसरत थेट राजाच्या स्वयंपाकघरात घुसले होते, आणि तू हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होतास. निघाले होते राक्षसाला मारायला, पण डोंगरावर मशरूम वेचत बसले. राक्षस बसला तिकडे ताटकळत. कुणी काही म्हणालं नाही. दमलं की झाडाखाली झोपायचं, शक्ती परत भरायची.

आता सुरुवातीलाच विचारतात, कुठली विद्या घेणार? एकच घ्यायची. माझा हात सवयीने गेला तो रोग्यांना बरं करायच्या विद्येवर. म्हटलं, पुढे बदलू. कसलं बदलू! एकदा घेतली की जन्माची. विस्तव नाही, वारा नाही, नुसतं बरं करत सुटायचं. सगळे रोगी उठेपर्यंत गावाची वेससुद्धा ओलांडता येत नाही, आणि एक उठला की त्याच खाटेवर दुसरा हजर. कहर म्हणजे, दुसऱ्याला बरं केलं की आपलीच जिवाची हिरवी पट्टी घटते आणि झोपूनही भरत नाही. कुणाच्या डोक्यातून निघालं रे हे? त्याच्या घरी नक्की कुणीतरी आजारी असणार.

पुन्हा पहिल्यापासून सुरू कर, म्हणशील. नाही केलं. श्रावणातल्या कहाण्या वाचत वाढलेली बाई मी. उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही. खेळातसुद्धा टाकवेना, मूर्खपणा बघ!

गुरुवारी दुपारी बाबांनी हाक मारली. पाणी हवं होतं. मी खेळत होते. ऐकू आलं मला, आणि मी उठले नाही. पुन्हा हाक आली, तरी नाही. मग त्यांनी डाव्या हाताने स्वतःच प्रयत्न केला आणि पेला पडला. लागलं-बिगलं काही नाही. पण मी दारात उभी राहून सांडलेल्या पाण्याकडे बघत होते आणि मला कीव नाही आली रे, राग आला. त्यांचा. असा राग, की माझीच मला भीती वाटली. शेजारची शकुंतला आवाज ऐकून आली, तिनेच फरशी पुसली. म्हणाली, "वहिनी, थोडा आराम करून घ्या ना, तुमची तबियत बिघडेल." मी तिला चहा दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मला जायचंय, शार्दूल. कायमचं नाही, पंधरा-वीस दिवस. मंजूषामावशी नागपूरला केव्हाची बोलावतेय. तिची वरची खोली रिकामी आहे. तिथे मला झोपायचंय. उठल्यावर कुणाची चादर बदलायची नाही, एवढंच सुख हवंय.

तुझं काम लॅपटॉपवरच असतं, ते इथून होईल. शकुंतला सकाळी मदतीला येईल, मी विचारलंय. पण तू येत नाहीस ते कामामुळे नाही, हे मला ठाऊक आहे. बाबांना असं पडलेलं तुला बघवत नाही. मलाही बघवत नाही रे. पण मी बघते.

काल त्यांना विचारलं, मी थोडे दिवस मंजूषाकडे जाऊ का? म्हणाले, "जा." हल्ली त्यांचे सगळे शब्द उमटत नाहीत, हा मात्र स्पष्ट उमटला. नको म्हणाले असते तर बरं झालं असतं, निदान चिडता तरी आलं असतं.

तू आला नाहीस तरी मी जाणारच, असं लिहायला घेतलं होतं. पण ते खोटं आहे. तू आला नाहीस तर मी जाणार नाही. इथेच राहीन, सगळं करत राहीन, आणि तुला फोनवर सगळं ठीक म्हणून सांगेन.

म्हणून ये.

फार दमलेली,
तुझी आई